बेटाभोवतीचं पाणी

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, समोरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. कुणी काही विचारलेलं नसताना आपण होऊन लिहायला बसायचं हा मला आगाऊपणा वाटतो. त्यातून कॉलेजच्या अंकासाठी विषय निघालाय सुट्टीचा. सुट्टीवर लिहिणाऱ्यानं निदान एखादा डोंगर, एखादा समुद्र पाहिलेला असावा. मी समुद्र पाहिलेला नाही. एक बेट मात्र पाहिलंय. पण त्याला बेट म्हणावं की नाही याबद्दल आमच्या भूगोलाच्या सरांनाही शंका होती. माझा वर्गमित्र प्रकाश अंकाच्या मंडळात आहे, तो म्हणाला, "तेच लिही." म्हणून लिहितोय. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

थंडी ओसरू लागली की कॉलेजच्या व्हरांड्यात सहलीची नोटीस लागते. ओल्या खळीचा आंबट वास दोन दिवस तिथून हलत नाही. यंदाही लागली. सर पुन्हा बेटावर जाऊ म्हणतायत. खाली खर्चाचा आकडा होता. आठवड्याच्या आत त्या आकड्यावर कागदाची एक पट्टी चिकटली आणि पट्टीवर नवा आकडा आला. पेट्रोल महागलं, रॉकेल मिळत नाही, गाड्यांची भाडी वाढणार, बोटींची तर आधीच वाढली. मुलं जाता-येता नखानं ती पट्टी खरवडून खालचा आकडा बघतात. मीही बघितला. जसा काही तो जुना भाव पट्टीखाली अजून चालू असेल आणि बघणाऱ्यालाच तेवढ्यात जाता येईल.

त्या पट्टीपाशी उभा राहिलो की मला गेल्या सालचा उन्हाळा आठवतो.

गेल्या साली सरांनी वर्गात पहिल्यांदा बेटांचा नकाशा टांगला तेव्हा बाहेर दुष्काळ होता. बोर्डिंगात आम्हाला दिवसाला एक बादली पाणी मिळायचं. त्यात अंघोळ, कपडे, सगळं. सर छडी घेऊन नकाशासमोर उभे राहिले आणि उष्ण कटिबंधातल्या बेटांबद्दल सांगू लागले. तिथं बारा महिने हिरवं असतं. वाळू पांढरी असते. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे मासे वरून दिसतात, आणि नारळ आपोआप पडतात, कुणी चढावं लागत नाही. मग त्यांनी एकाला उठवून बेटाची व्याख्या विचारली. ही व्याख्या आम्ही सगळे चौथीत पाठ केलेली. "चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात." मुलगा बोलून खाली बसला. चारी बाजूंनी पाणी. चौथीत हे शब्द नुसते तोंडातून गेले होते. त्या साली ते कुणा श्रीमंताच्या घरचं वर्णन ऐकावं तसे ऐकू आले.

सरांचा बेत होता अंदमानचा. परीक्षा संपल्या की मद्रासपर्यंत आगगाडी आणि तिथून बोट. दोन वर्षं ते पत्रव्यवहार करत होते. प्रकाशनं त्यांना विचारलं, "सर, तुम्ही गेलाय का कधी?" सरांनी छडी टेबलावर ठेवली. म्हणाले, "नाही रे. मीही नकाशातच पाहिलंय." त्या दिवसापासून सर मला जवळचे वाटू लागले.

माझ्यासारख्याला ती सहल झेपणारी नव्हतीच. पण सरांनी बोलावून सांगितलं की स्वयंपाक आपला आपण करायचा, म्हणजे खर्च निम्म्यावर येतो, आणि जो चूल आणि भांडी सांभाळील त्याचे पैसे अर्धेच. मला घरी भाकरी थापता येत होती. मी हो म्हणालो. शब्द तोंडातून गेला तेव्हा घरी काय सांगायचं याचा मी विचारच केला नव्हता.

शिमग्याला नगरहून गावी गेलो. आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडं, जामखेडवरून एसटी बदलून जावं लागतं. रानं सगळी उघडी. आई, वडील म्हणजे आमचे तात्या, आणि गावातलं निम्मं माणूस पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होतं. मीही सुट्टीपुरता जाऊ लागलो. घरी "सुट्टी" हा शब्द उच्चारायची मला लाज वाटायची, कारण कामावर सुट्टी म्हणजे मुकादमानं हजेरी घेतली नाही तो दिवस. त्या दिवशी दाम नाही आणि कामावर खायला मिळणारी सुकडीही नाही. माणसं सुट्टीला भ्यायची.

दुपारी भाकरी खाताना मी आईला सांगितलं की परीक्षा झाल्यावर कॉलेजची सहल जाणार आहे. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, कोरडी, गिळताना घशाला लागायची. आई घास थांबवून म्हणाली, "सहल म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, फिरायला जाणं.

"कुनाचं लगीन हाय?"

"न्हाई."

"मंग बाजार?"

तेही नाही म्हणाल्यावर ती बुचकळ्यात पडली. तिच्या हिशेबी माणूस गाव सोडतो तो लग्नाला, बाजाराला, देवाला, नाहीतर कामाला. यांतलं काहीच नसताना इतक्या लांब जायचं म्हणजे काहीतरी लपवाछपवी. तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "एक बेट आहे, आई. ते बघायला जायचंय."

तिचा चेहरा उजळला. "मंग असं म्हन की. बेटाला चाललाय."

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. गोदावरीच्या दोन धारांच्या मधे देवस्थानाचं बेट आहे. आमच्या भागातून सप्त्याला माणसं जातात, आणि त्याला दुसरं नाव कुणी घेत नाही, नुसतं बेट म्हणतात. आईनं अंदमान ऐकलं नव्हतं. बेट ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या कामावर झालं, की भानू कॉलेजच्या पोरांसंगं बेटाला चाललाय. मुकादम मला भानूमहाराज म्हणू लागला. शिकून पोरगं देवाला लागलं याचं बायांना कौतुक वाटत होतं. एवढा खर्च का, असं कुणी विचारलं तर तात्याच उत्तर द्यायचे, की नावाड्यानं भाडं वाढवलं असंल, औंदा समदंच वाढलंय. मी दोन-चार जणांना खरं सांगून पाहिलं. पण समुद्र, आगबोट, मद्रास हे सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा. समोरचा माणूस डोक्यावरची मुरमाची पाटी सावरत ऐकायचा.

दुसऱ्या दिवशी सरूवहिनी माझ्यापाशी आल्या.

सरूवहिनी म्हणजे आमच्या भावकीतल्या मुरलीभाऊची बायको. मुरलीभाऊ दिवाळी झाल्यावर एका टोळीबरोबर कामाला गेला होता. मुंबईच्या अंगाला कुठंतरी, एवढंच माहीत. संक्रांतीला येतो म्हणून गेला. संक्रांत झाली, शिमगा आला, माणूस नाही आणि पत्रही नाही. वहिनी पोरीला सासूपाशी ठेवून कामावर यायच्या. खणायच्या जागी मोजमापासाठी मधे मातीचा एक खांब न खोदता सोडतात, वर मूळचं गवत तसंच ठेवून. आपण किती खोल गेलो ते साहेबाला त्यावरून कळतं. भोवती सगळं खणत गेल्यामुळं तो खांब डोक्याच्या वर गेला होता. वहिनी भाकरीचं फडकं त्याच्या सावलीत ठेवायच्या. त्या दिवशी फडक्यातून त्यांनी नारळ काढला. कुठल्याशा लग्नात ओटीत आलेला, शेंडी काळी पडलेली.

"भावजी, बेटाला चाललात म्हनं."

मी म्हणालो, "वहिनी, ते बेट न्हवं हे. हे समुद्रातलं आहे, लई लांब. तिथं आपला देव नाही."

"चौबाजूंनी पानी हाय न्हवं?"

"आहे."

"मग देव न्हाई कसं म्हनता?"

आम्ही कोरड्या मुरमात उभे होतो. शेजारी टिकाव चालले होते, ठिणग्या उडत होत्या, आणि बाई विचारत होती की इतक्या पाण्यात देव नाही तर मग तो राहतो कुठं. आज पुस्तकं वाचून मी दोन वाक्यं बोलू शकेन कदाचित. तेव्हा नारळ हातात घेतला.

बाजूला एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "अगं सरे, त्या बेटावं तर नारळच नारळ लोंबत्यात म्हनं. तितल्या देवाला नारळाचं काय कवतिक?"

वहिनी म्हणाल्या, "त्यो तितला हाय. ह्यो माझा हाय."

मग हळू आवाजात मला नवस सांगितला. आपला माणूस सुखरूप घरी येऊ दे. एवढंच म्हणायचं आणि नारळ वाहायचा. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, पण फिकट, पुसल्यासारखं. आई मला नंतर म्हणाली की सरू हल्ली कुंकू लावते आणि मग आपणच हातानं फिकं करते. गडद लावलं तर बाया बघतात, नाही लावलं तर सासू बघते. आहे की नाही ते कळेपर्यंत बाईनं काय करावं.

नारळ घेऊन मी नगरला आलो आणि पेटीत पुस्तकांच्या मागं ठेवला. आता सहलीला जाणं ही माझी एकट्याची हौस उरली नव्हती.

नोटिशीवर पहिली पट्टी चिकटली ती त्याच आठवड्यात. बोटीचं भाडं वाढलं होतं. काही मुलांनी नावं काढून घेतली. नावं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याचा खर्च वाढायचा, तो वाढला की आणखी मुलं गळायची. सर रोज कागद घेऊन बसायचे. बोटीवर वरच्या मजल्याऐवजी तळाला जाऊ. मुक्काम कमी करू. तांदूळ इथूनच नेऊ. माझे अर्धे पैसेही हळूहळू पहिल्या पूर्ण पैशांच्या जवळ जाऊ लागले. शेवटी अंदमान सुटलं. सरांनी वर्गात येऊन सांगितलं की आपण मालवणला जाऊ. तिथंही समुद्रात बेट आहे, त्यावर किल्ला आहे, माडही आहेत, आणि उष्ण कटिबंध तर सगळीकडं तोच आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांना बरं वाटावं म्हणून वाजवल्या.

पाडव्याला गावी गेलो तेव्हा वहिनी भेटल्या. बेटाला कधी जाणार, असं विचारलं. परीक्षेनंतर, असं सांगितलं. थोडं लांबलंय, पण जाणार. त्या म्हणाल्या, "भावजी, नवसात एक बदला. येऊ दे म्हनून नगा सांगू. काम असंल तर कसं यील त्यो. निरोप धाडू दे म्हना. दोन ओळी." मी बरं म्हणालो. त्या परत पाटी उचलायला गेल्या. मोजमापाचा खांब आता आणखी उंच झाला होता. पोटाशी थोडा ढासळलाही होता. बाया त्याला आमचं बेट म्हणायला लागल्या होत्या, फुकटातलं.

मालवणही फार दिवस टिकलं नाही. रातराणी एसटीची दोन भाडी, घाटातली गाडी, तिथली होडी. मग घारापुरीचं निघालं, मुंबईहून होडीनं सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. पण मुंबईत राहायचं कुठं आणि खायचं काय, यावर ते बुडालं. दर आठवड्याला बेट थोडं जवळ यायचं आणि थोडं लहान व्हायचं. प्रकाश कापडबाजारातल्या दुकानदाराचा मुलगा. त्याला कुठल्याही बेटाचा खर्च झेपला असता. पण तो शेवटपर्यंत आमच्यातच राहिला. तो म्हणायचा, "सर असेच भाव बघत राहिले तर मे महिन्यात बेट बोर्डिंगच्या हौदात येऊन बसेल. वर पाटी लावू, उष्ण कटिबंध." आम्ही खूप हसायचो. हसताना मला पेटीतला नारळ आठवायचा.

परीक्षा संपली आणि सरांनी शेवटची नोटीस लावली. तिच्यावर पट्टी नव्हती. आकडा इतका साधा होता की वाढायला जागाच नव्हती. सहल गोदावरीतल्या बेटाला.

मी ती नोटीस परत परत वाचली. म्हणजे आईचंच खरं होतं. साऱ्या कामावरच्या माणसांचं खरं होतं. त्यांनी शिमग्यातच सांगितलं होतं की आम्ही कुठं चाललोय. सरांना आणि मला कळायला अर्धा उन्हाळा लागला.

श्रीरामपूरच्या पुढं एसटीनं सोडलं. उरलेले आम्ही सगळे एका गाडीच्या मागच्या बाकांवर मावलो होतो. माझ्या एका हातात पातेली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेला नारळ. नदीकडं जाणारा रस्ता धुळीचा. सर पुढं. डोक्यावर पंचा, गळ्यात होकायंत्र. त्यांनी वाटेत नदी गाळ कशी टाकते, त्या गाळावर झाडं कशी रुजतात, मग नदी दोन वाटांनी कशी फुटते, ते सांगितलं. चांगलं सांगितलं. मला ते अजून तोंडपाठ आहे.

काठावर आलो आणि सर बोलायचे थांबले.

नदी नव्हती. वाळू होती. पांढरी, सरांनी वर्गात सांगितली होती तशी, पण लांबच लांब, उन्हात डोळे मिटायला लावणारी. होड्या काठावर पालथ्या घालून दगडांवर टेकवल्या होत्या. त्यांचं डांबर तडकलं होतं. एका होडीखाली कोंबडी पिलं घेऊन बसली होती. पात्राच्या मधोमध बायांनी झिरे उकरले होते. एकेक बाई कोपरापर्यंत हात घालून वाटीनं पाणी भरत होती, आणि वाटी भरायला लागणारा वेळ लांबूनही कळत होता. पलीकडं बेटाची झाडं दिसत होती. आम्ही चपला हातात घेऊन चालत पलीकडं गेलो. वाळू इतकी तापली होती की चपला परत घालाव्या लागल्या. मुलं उड्या मारत, ओरडत धावली. मला धावता येईना, पातेली वाजत होती.

पलीकडच्या दरडीवर चढल्यावर प्रकाशनं विचारलं, "सर, मग आता याला बेट म्हणायचं का?"

त्यानं थट्टेनंच विचारलं होतं. सरांनी मात्र वळून त्या वाळूकडं पाहिलं, आणि पेपरात उत्तर तपासावं तसं म्हणाले, "व्याख्येप्रमाणे, नाही."

देवळात गार होतं. इतरांचं दर्शन झाल्यावर मी पिशवी घेऊन मागं थांबलो. पुजाऱ्यांनी हात पुढं केला. मी फडकं सोडलं आणि नारळ हातात धरून उभा राहिलो. मी त्यांना सांगितलं की हा नवसाचा आहे, एका बाईनं दिलाय, चौबाजूंनी पाणी असेल तिथं वाहायला सांगितलंय. पुजारी म्हातारे होते. चिडले नाहीत. म्हणाले, "बाळा, पाणी असो नसो, गंगा ती गंगाच. आण इकडं." त्यांचं बरोबर असेल. देवाला पाण्याशी काय करायचंय. पण माझा हात पुढं होईना. वहिनींनी देवाचं नाव सांगितलंच नव्हतं. त्यांनी फक्त पाणी सांगितलं होतं, आणि मी "आहे" म्हणालो होतो.

मी नारळ परत बांधला. दाराशी सर उभे होते, त्यांनी ऐकलं असावं. संध्याकाळी वाळूवर तीन दगड मांडून मी खिचडी शिजवत होतो तेव्हा ते शेजारी येऊन बसले. म्हणाले, "भानुदास, आधी सांगायचं होतंस."

"सांगून काय झालं असतं, सर?"

त्यांनी चुलीतलं लाकूड थोडं आत सारलं. नंतर म्हणाले, "मालवण तरी जमवायला हवं होतं." आणि उठून गेले. मोठ्या माणसाला असं वाईट वाटलेलं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ते माझ्यामुळं वाटलं याचं मला ओझं झालं. खिचडीत वाळू आली होती. सगळ्यांनी ती संपवली.

गावी गेल्यावर सरळ तलावावर गेलो. वहिनी वाकून पाटी भरत होत्या. माझ्या हातातलं फडकं त्यांनी ओळखलं. हात झटकले, नारळ घेतला, कानाशी हलवून पाहिला.

"पानी न्हवतं?"

"न्हवतं, वहिनी. नुसती वाळू."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर रागावतील. त्या म्हणाल्या, "परत आनला ते बरं केलं. कोरड्यात वाहून काय उपेग." मग पदरानं नारळावरची धूळ पुसली. थोड्या वेळानं, जणू भाजीवालीशी घासाघीस संपवून शेवटचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, आता येऊ दे बी म्हनत न्हाई, अन् निरोप बी नगं. हाय का न्हाई, एवढं कळू दे. एवढं देवाला जड न्हाई."

त्यांनी तो नारळ घराच्या आढ्याला टांगला. पाणी आलं की बघू, म्हणाल्या.

मी पुष्कळदा हे मनात घोळवलं आहे. महागाई वाढते तेव्हा माणूस काय करतो. सरांसारखा कागदावर रेघा मारून अंदमानाचं मालवण करतो, मालवणाची घारापुरी, आणि शेवटी घराजवळच्या वाळूला बेट म्हणतो. आमच्यासाठी तो उन्हाळ्यापुरता खेळ होता. सहल लहान झाली तरी आम्ही हसत परत आलो, आमचे फोटो निघाले, प्रकाशकडं ते आहेत. वहिनींनीही तेच केलं. परवडत नाही म्हणून मागणं कमी करत गेल्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी कमी झाली की भाव उतरतो असं लिहिलंय. आमच्या सरांची मागणी उतरत गेली तरी आकडा वाढतच गेला. वहिनींच्या बाबतीत काय झालं ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

पुढं पाऊस झाला, चांगला झाला. तलाव भरला. दिवाळीला गेलो तेव्हा गावातली माणसं संध्याकाळी नुसती बांधावर येऊन बसायची, पाण्याकडं बघत. मला तो मोजमापाचा खांब आठवत होता. आता त्याचं खरोखरचं बेट झालं असेल, वर गवत, चारी बाजूंनी पाणी, असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. तात्या म्हणाले की पाण्यात तो चार दिवसही टिकला नाही, मातीच ती, विरघळली. वहिनींच्या घरावरून गेलो. दार उघडं होतं. आढ्याला नारळ तसाच होता, धुरानं काळा. मी आत गेलो नाही.

परवा तात्या नगरला आले. कुणाचं तरी कोर्टाचं काम होतं, सोबत म्हणून आले होते. बोर्डिंगच्या पायरीवर बसले, मी त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. आईनं धपाटे दिले होते. ते काढल्यावर त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि फडक्यातला नारळ माझ्यापुढं ठेवला.

"सरूनं दिलाय. बेटाला वाहायला सांगितलाय. नवस फेडायचा हाय म्हनली."

मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो. नवस फेडायचा म्हणजे पुरा झाला. मी विचारलं, "कवा आला मुरलीभाऊ?"

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आला न्हाई," ते म्हणाले. "कळलं."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. टोळीतला एक माणूस पलीकडच्या गावचा होता. तो आता परत आला. इतके दिवस तोंड दाखवायला धजावला नाही. मुंबईच्या अंगाला दर्याच्या काठी भराव टाकायचं काम चाललं होतं, तिथं होते सगळे. मुरलीभाऊला कावीळ झाली. शिमग्याच्या आधीच गेला. तिथंच केलं सगळं. तो माणूस सांगत होता की मुरली पहिल्या दिवशी काम सोडून पाण्याकडंच बघत बसला होता, मुकादमानं हाकलेपर्यंत. एवढं पानी, एवढं पानी, म्हणत होता.

म्हणजे आमच्या गावातून समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुरलीभाऊनं. आणि वहिनींनी माझ्या हातात नारळ दिला, सुखरूप येऊ दे म्हणाल्या, तेव्हा तो नव्हताच. दोन ओळी धाडू दे म्हणाल्या, तेव्हाही नव्हता.

मी नारळाकडं बघत राहिलो. हे कसलं फेडणं, असं मी तात्यांना विचारलं असावं. कारण ते म्हणाले, "म्या बी तेच म्हनलो तिला. ती म्हनली, मामा, येऊ दे म्हनलं हुतं ते म्या माघारी घेतलं. कळू दे म्हनलं, ते कळलं. आता देवाचं ठिवायचं न्हाई." तात्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. समोरच्या रस्त्यानं एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले.

"भावजींना एवढंच इचारा म्हनली," ते म्हणाले, "औंदा बेटाला पानी हाय का."

"आहे," मी म्हणालो.